टाइमशेअर विकणाऱ्याला पैसे नेमके कशाचे मिळतात? (भाच्याला ऑफर आली आहे)

जुळेसोलापूरकर

मंडळी, प्रश्न जरा घाईचा आहे. बहिणीच्या मुलाला एका हॉलिडे क्लबवाल्यांकडून ऑफर आली आहे. बीकॉम झालाय, सध्या एका टू-व्हीलर शोरूमला सेल्सला आहे. कंपनीचं नाव इथे टाकत नाही. ऑफिस इथे सोलापुरात, सात रस्त्याच्या बाजूला, पण खरं काम म्हणे शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये. फिक्स १५,००० आणि वर "अनलिमिटेड इन्सेंटिव्ह". इंटरव्ह्यू घेणाऱ्याने त्याला मोबाइलवर कुणाच्या तरी खात्यातली एंट्री दाखवली, एका महिन्यात एक लाख चाळीस हजार. तेव्हापासून पोरगं हवेत आहे आणि अक्का मला रोज फोन करते, "तू एकदा बघ बाबा, मला काय कळतंय त्यातलं."

टाइमशेअर म्हणजे काय ते मला माहीत आहे. एकदाच मोठी रक्कम भरायची, पुढची दहा, पंचवीस वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टला राहायचं, शिवाय दरसाल देखभालीची फी. पण विकणाऱ्याच्या बाजूचं गणित काही माहीत नाही. टक्केवारी किती, कशावर, हातात कधी येते, दिलेलं परत घेतात का? काम केलेल्यांनी लिहा प्लीज. "टाइमशेअर घेऊ नका" हा सल्ला नको, धाग्याचा विषय तो नाही.

शेंगाचटणी

नेमकं तेच लिहायला आलो होतो, तुम्ही आधीच कडी लावलीत. :)

असो. माझाही एक प्रश्न जोडून ठेवतो. होम मैदानावर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी स्टॉल लावून लकी ड्रॉची कुपनं भरून घेतात. चार दिवसांत फोन येतोच, "सर, अभिनंदन!" त्या कुपन भरून घेणाऱ्या पोराला यात काय मिळतं?

टेबल_नंबर_सात

मी या धंद्यात होतो. आधी पुण्यात, मग सोलापूर-लातूर-सांगली अशा वीकेंडच्या फेऱ्या. सविस्तर लिहितो, कारण इंटरव्ह्यूला यातलं निम्मंसुद्धा सांगत नाहीत.

एक मेंबरशिप विकली की तिच्यातून चार-पाच जणांचं पोट भरतं. कुपन भरून घेणारा पहिला. त्याला बहुतेक ठिकाणी रोजंदारी मिळते आणि नंबर खरा निघाला तर फॉर्ममागे थोडे पैसे वर. त्याच्यानंतर टेलिकॉलर. तिला जोडपं हॉलमध्ये आणून बसवण्याचे पैसे. तिसरा टेबलावरचा माणूस, म्हणजे भाच्याची जागा. चौथा क्लोजर, जो शेवटच्या वीस मिनिटांत "मॅनेजर" म्हणून येऊन बसतो. पाचवा वेन्यू मॅनेजर, त्याला त्या दिवशीच्या एकूण विक्रीवर ओव्हरराइड, म्हणजे वरचा हिस्सा. म्हणजे आपल्या टेबलावर सही झाली तरी टक्केवारी एकट्याची नसते. क्लोजर बसला की वाटणी होते. कुठे अर्धी-अर्धी, कुठे त्याचा वेगळा दर. नवीन पोराला पहिले काही महिने क्लोजरशिवाय टेबल बंद करूच देत नाहीत, त्यामुळे अख्खं कमिशन त्याच्या हाताला लागतच नाही.

आता हॉल डोळ्यांपुढे आणा. गोल टेबलं, एसी कडक, गाणी मुद्दाम मोठ्या आवाजात, म्हणजे शेजारच्या टेबलावर कुणी "नको" म्हणालं तरी ऐकू जाऊ नये. कुणाची सही झाली की माइकवर नाव पुकारतात, टाळ्या. टेबलावर एक कोरा कागद. त्यावर मी पाहुण्यांनाच विचारून लिहायचो: वर्षाला फिरायला किती खर्च होतो? चाळीस हजार म्हणाले की दरवर्षी भाडं वाढतं म्हणून वाढवत वाढवत पंचवीस वर्षांची बेरीज मांडायची. तो पंचवीस-तीस लाखांचा आकडा त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा आणि त्याच्याखाली आपली किंमत लिहायची. कागद मी लिहायचो, पण पेन त्यांच्या हातात द्यायचो. हे शिकवलेलं असतं.

पहिली किंमत ही विकायची किंमत नसतेच. ती खाली आणायलाच वर ठेवलेली असते. "मी सरांना विचारून येतो" म्हणून उठायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. कमिशन मात्र शेवटी ज्या आकड्यावर सही झाली त्यावर. काही ठिकाणी किंमत अमुकच्या खाली गेली की टक्काही खाली येतो. म्हणजे सूट कंपनीच्या खिशातून जाते तशी थोडी टेबलवाल्याच्याही खिशातून.

अनुराधा_प

आता कळलं. आम्ही दोघं होटगी रोडच्या एका हॉटेलात गेलो होतो तेव्हा तो मुलगा असाच उठून गेला होता. परत आला तर कपाळावर घाम. मला वाटलं, बिचाऱ्याला साहेब बोलला असेल.

मला एक विचारायचं आहे. "ही ऑफर आजच, उद्या नाही" असं इतकं का ताणून धरतात? आम्ही म्हटलं, रात्री घरी बोलतो, उद्या सांगतो. त्याचा चेहराच उतरला.

टेबल_नंबर_सात

अनुराधाताई, "उद्या सांगतो" म्हणणारे परत येत नाहीत हे त्याला माहीत असतं. आणि तुमच्यासाठी फोनचा, हॉलचा, चहा-नाश्त्याचा, गिफ्टचा खर्च कंपनीने केलेला असतो. तुम्ही उठलात की तो खर्च त्याच्या नावावर पडतो. थेट पगारातून कापत नाहीत, पण आलेल्या जोडप्यांमागे त्याने किती रुपयांची विक्री केली हा आकडा दर सोमवारी फळ्यावर लागतो. ज्याचा आकडा वर त्याला पुढच्या शनिवारी चांगली जोडपी: नवरा-बायको दोघं नोकरीला, खिशात क्रेडिट कार्ड. ज्याचा खाली त्याला उरलेली. एकदा खाली गेलं की वर येणं कठीण, कारण टेबलावर येणारी माणसंच तशी.

मार्केटिंगच्या पुस्तकात हे कुठे नसतं, पण या धंद्यात पगार ठरतो तो इथे. टक्केवारी सगळ्यांना सारखीच असते. टेबल सारखं नसतं.

रोहिणी_टेलि

मी कॉलिंगला होते, लग्नाआधी. शेंगाचटणी, कुपनवाल्याचं वर आलंच आहे, मी आमचं सांगते.

आम्हाला पैसे "शो"चे. फोनवर हो म्हटल्याचे नाहीत. जोडपं आलं, दोघं आले, वय आणि नोकरी चौकटीत बसली आणि पूर्ण प्रेझेंटेशनला बसले, तर एक शो. विक्री झाली तर वर थोडे. त्यामुळे "मॅडम, मिस्टरांना घेऊन या हं, गिफ्ट कपललाच आहे" हे वाक्य दिवसभर. एकटे आले की शो बाद. अर्ध्यातून उठून गेले की बाद. म्हणून तर गिफ्ट शेवटी देतात.

माझ्याकडे पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू वस्तीतले नंबर यायचे, कारण मला तेलुगू येतं. पलीकडून "चेप्पंडी" (बोला) आलं की अर्धं काम झालं. पण तिकडची माणसं हिशोबाला पक्की. यंत्रमागवाले एक मालक होते, त्यांनी मला फोनवरच विचारलं, "माझं गिफ्ट किती रुपयांचं आणि माझ्या रविवारचे किती?" मी फोन ठेवला.

भाच्याला एक गोष्ट जरूर सांगा. पहिल्या महिन्यात त्यालाही कॉलिंगला बसवतील. स्वतःच्या सिमवरून कॉल करायला लावले तर नाही म्हणायचं. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८च्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या नंबरावरून जाहिरातीचे कॉल केले आणि लोकांनी १९०९ला तक्रारी केल्या तर नंबर बंद होऊ शकतो. सिम आपल्या नावावर, बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर, आणि कंपनी हात वर करणार. आमच्या बॅचमध्ये एकीचं झालं होतं. तिच्या वडिलांची गॅसची सबसिडीसुद्धा त्याच नंबरला जोडलेली.

बाळीवेस

लई भारी माहिती मिळायली. पण मी काय म्हणतो, हे सगळं फसवाफसवीच हाय की. पोराला कशाला त्यात घालताव? शोरूमला हाय तिथं बरं हाय बे. एक गाडी विकली तर गाडी तरी दिसती दारात.

टेबल_नंबर_सात

बाळीवेस, सरसकट फसवाफसवी म्हणू नका. पंचवीस वर्षं खरोखर वापरणारे, पोराबाळांना घेऊन दरवर्षी जाणारे मेंबर मी पाहिलेत. भारतात हा धंदा १९८०च्या दशकापासून आहे, स्टर्लिंग १९८६ची, महिंद्रा हॉलिडेज १९९६ची. धंद्यात खोट आहे ती विक्री ज्या घाईने होते त्यात. आणि ती घाई विकणाऱ्याच्या स्वभावातून येत नाही, त्याच्या पगारपत्रकातून येते. हे पोराला कळलं तर तो नीट ठरवेल.

शेंगाचटणी

पण आपल्याकडे "क्लब"चं नाव काढलं की लोकांना दुसरंच आठवतं ना. पॅनकार्ड क्लब्ज. रूम नाइट्स विकायचे आणि न वापरल्यास वाढीव रक्कम परत. सेबीने फेब्रुवारी २०१६मध्ये आदेश काढला, सात हजार कोटींहून जास्त रक्कम परत करा म्हणून. पन्नास लाखांवर गुंतवणूकदार. रॉयल ट्विंकल स्टार क्लबवरही सेबीचा आदेश होता, २०१५चा. तेही हॉलिडे प्लॅनच्या नावाखालीच.

लेखापाल

शेंगाचटणींचा मुद्दा पोराच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. तिथे सेबीने पाहिलं ते असं: लोकांचे पैसे एकत्र गोळा करायचे, परतावा सांगायचा आणि कारभार गुंतवणूकदाराच्या हातात नाही, म्हणजे ही सामूहिक गुंतवणूक योजना झाली, आणि तिला नोंदणी लागते. साध्या टाइमशेअरमध्ये परतावा नसतो, सुट्टी असते. तेव्हा ऑफर देणारी कंपनी गिऱ्हाइकाला "नाही वापरलं तर इतके टक्के वाढवून परत" असं सांगायला लावत असेल, तर पगाराची चर्चा करायचीच गरज नाही, तिथून निघायचं. अशा योजनेत पैसे अडकले की लोक कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जात नाहीत, ज्याने फॉर्म भरून घेतला त्याच्या दारात येतात.

आता पगाराकडे. टक्केवारी किती हा प्रश्न शेवटचा विचारायचा. आधी हे विचारायचं की विक्री "झाली" असं कंपनी कधी मानते. सही झाल्यावर? डाउन पेमेंट खात्यात आल्यावर? रद्द करण्याची मुदत संपल्यावर? की दोन-तीन हप्ते वसूल झाल्यावर? या चार उत्तरांमध्ये पोराचे पैसे चार वेगवेगळ्या महिन्यांत येतात, आणि शेवटच्या उत्तरात अनेकदा येतच नाहीत.

दुसरं, स्लॅब. एक हिशोब करून दाखवतो, आकडे फक्त उदाहरणाला. समजा मेंबरशिप ३ लाखांची. महिन्यात तीन विक्रीपर्यंत २ टक्के, चौथी झाली की ४ टक्के. पोराने चार विकल्या, एकूण १२ लाख. आता ४ टक्के पहिल्या विक्रीपासून लागणार की फक्त चौथीवर? पहिलीपासून लागले तर ४८,०००. फक्त चौथीवर लागले तर पहिल्या तीनचे १८,००० आणि चौथीचे १२,०००, म्हणजे ३०,०००. एका ओळीच्या अर्थावर १८ हजारांचा फरक.

पुढे बघा. स्लॅब पहिल्या विक्रीपासूनचा आहे आणि चारपैकी एका जोडप्याने आठवड्याने रद्द केलं. विक्री तीन उरल्या, टक्का दोनवर आला, ४८,००० चे १८,००० झाले. एका रद्दीची किंमत ३०,०००. अनुराधाताई, सही केलेल्या माणसाला पुढचा आठवडाभर "सर, वेलकम किट आलं का, कुठे जायचं ठरलं" असे प्रेमाचे फोन का येतात, त्याचं उत्तर इथे आहे.

अनुराधा_प

बाई गं.

लेखापाल

थोडं अवांतर, पण मजेचं आहे. लिस्टेड कंपन्यांना १ एप्रिल २०१८पासून इंड एएस ११५ हे हिशोबाचं मानक लागू झालं. त्यानंतर मेंबरशिपची रक्कम सही झाल्या वर्षीच पूर्ण उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, मेंबरशिपच्या सगळ्या वर्षांवर पसरून दाखवावी लागते. आणि ती मिळवण्यासाठी दिलेलं विक्री कमिशनही तसंच पसरवलं जातं. म्हणजे भाच्याने विकलेल्या एका पंचवीस वर्षांच्या मेंबरशिपचं कमिशन तो नोकरी सोडून गेल्यावरही कंपनीच्या हिशोबात तुकड्या-तुकड्याने खर्ची पडत राहणार. त्याच्या खात्यात मात्र ते एकदाच येऊन खर्चही झालेलं असणार. हिशोबाच्या जगात गमती असतात.

बाळीवेस

हे काय डोक्यात शिरलं नाही, पण वाचायला चांगलं वाटालंय.

ऑर्लँडोचा_सोलापुरी

दयानंद कॉलेजचा माजी विद्यार्थी, आता फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत. हे शहर टाइमशेअरवर चालतं म्हटलं तरी चालेल. माझा शेजारी याच धंद्यात आहे, आणि मी स्वतः फुकट पार्कची तिकिटं मिळवायला एकदा प्रेझेंटेशनला बसलो आहे (बायकोला सांगू नका, ती पण होती).

इथे साखळी तीच, नावं वेगळी. रस्त्यावर, हॉटेलच्या लॉबीत उभं राहून जोडपी पकडणारा तो ओपीसी, त्याला आणलेल्या जोडप्यामागे पैसे. टेबलावरचा तो लाइनवाला. वर येऊन सौदा बंद करणारा टीओ. पुष्कळ ठिकाणी पगार नसतोच, असतो तो "ड्रॉ": दर आठवड्याला कंपनी उचल देते, नंतरच्या कमिशनमधून ती वळती होते. महिना कोरडा गेला की उचल डोक्यावर उधारी म्हणून राहते.

आणि चार्जबॅक. फ्लोरिडात घेणाऱ्याला करार रद्द करायला १० दिवस असतात, कायद्यानेच. नेवाडात ५, कॅलिफोर्नियात ७. युरोपियन युनियनमध्ये २००८च्या निर्देशानुसार १४ दिवस, आणि त्या मुदतीत गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायलाच बंदी. या दिवसांत रद्द झालं की विकणाऱ्याचं कमिशन गेलं. शेजारी म्हणतो, सोमवारी सकाळी तो आधी रद्दींची यादी उघडतो, मग चहा घेतो. म्हणजे कॉफी.

टेबल_नंबर_सात यांनी फळ्यावरचा आकडा सांगितला ना, त्याला इथे व्हीपीजी म्हणतात, प्रत्येक पाहुण्यामागे विक्री. हिल्टन ग्रँड व्हेकेशन्ससारख्या कंपन्या तो आकडा आपल्या तिमाही निकालात छापतात. शेअर घेणारेही तोच बघतात आणि फ्लोअर मॅनेजरही. वरपासून खालपर्यंत सगळी साखळी एका आकड्यावर.

आणखी एक. खरा पैसा नवीन गिऱ्हाइकात नाही, जुन्या मेंबरला "अपग्रेड" विकण्यात आहे. तो आधीच रिसॉर्टला आलेला, त्याला आणायचा खर्च नाही. त्या खोलीत बसायला मिळावं म्हणून इथे लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. तुमच्या भाच्याने विचारावं, अपग्रेडचं कमिशन मूळ विक्री करणाऱ्याला मिळतं का? बहुतेक उत्तर "नाही" येईल.

टेबल_नंबर_सात

नाहीच मिळत. मी विकलेल्या मेंबरांना गोव्यात रिसॉर्टवर दुसऱ्याच माणसाने वरची स्कीम विकली. मला कळलं ते मेंबरनेच फोन करून शिव्या दिल्या तेव्हा.

आणि इथे फ्लोरिडासारखा टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही. रद्द करायची मुदत कराराच्या कागदात जी लिहिली असेल ती. ती किती दिवसांची आहे ते पोराने आधी वाचावं, कारण तिच्यावरच त्याचं कमिशन कधी पक्कं होतं ते ठरतं. बाकी गिऱ्हाइकाला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, १९१५ची हेल्पलाइन आहे.

जुळेसोलापूरकर

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री भाच्याला घरी बोलावून हा धागा वाचायला दिला. शेंगाचटणींच्या कडीवर हसला, स्लॅबच्या हिशोबावर गप्प झाला.

ऑफर लेटर आणलं होतं. दोन ओळी जशाच्या तशा मराठीत देतो, भाषा त्यांची, भाषांतर माझं:

"इन्सेंटिव्ह हे वसूल झालेल्या रकमेवर, वेळोवेळी लागू असलेल्या धोरणानुसार देय राहील."

"मेंबरशिप बारा महिन्यांच्या आत रद्द झाल्यास अथवा हप्ते थकल्यास दिलेले इन्सेंटिव्ह समायोजित करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील."

शिवाय वर लिहिलंय की पहिले सहा महिने तो "असोसिएट". पीएफचा उल्लेख कुठेच नाही.

लेखापाल

या दोन ओळींतच सगळं आलं.

"वसूल झालेल्या रकमेवर" म्हणजे ३ लाखांवर नव्हे. ३० हजार डाउन पेमेंट आलं तर टक्के ३० हजारांवर. बाकीचे हप्ते येतील तसे, आणि तोवर पोरगं तिथे असलं तर. इंटरव्ह्यूत दाखवलेली एक लाख चाळीसची एंट्री कदाचित खरीही असेल, पण ती किती महिन्यांच्या साठलेल्या वसुलीची आणि कुणाची (टेबलवाल्याची की मॅनेजरची) हे त्या स्क्रीनवर दिसत नाही.

"वेळोवेळी लागू असलेल्या धोरणानुसार" म्हणजे स्लॅब उद्या बदलू शकतो. आजची इन्सेंटिव्ह पॉलिसी ईमेलवर मागून घ्या. तोंडी नको.

बारा महिन्यांचा क्लॉबॅक (दिलेलं परत घेणं) लांब आहे. गिऱ्हाइकाने अकराव्या महिन्यात हप्ता थकवला तर त्यात पोराचा काय दोष? पण कापणार त्याच्याच महिन्यातून. विचारा, कापताना एका महिन्यात जास्तीत जास्त किती कापणार, आणि इन्सेंटिव्हमधूनच कापणार की फिक्सला पण हात लावणार.

"असोसिएट" म्हणजे बहुधा नोकर नाही. पगारपत्रक नाही, कमिशनवर टीडीएस कापून सर्टिफिकेट देतील (१ ऑक्टोबर २०२४पासून हा दर ५ चा २ टक्के झालाय), पीएफ नाही, ग्रॅच्युइटीची वर्षं मोजायला सुरुवात नाही. नोकर म्हणून घेतलं तरी कमिशन हे पीएफच्या "वेतना"त धरत नाहीत, पूर्वीच्या १९५२च्या कायद्यातही नव्हतं. नव्या कामगार संहितांमध्ये, २१ नोव्हेंबर २०२५पासून, एवढं आलंय की असे बाहेर ठेवलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. ते नोकराला. असोसिएटला काही नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेला की बँक फिक्स पगार पूर्ण धरते, इन्सेंटिव्हची सरासरी काढून त्यातला काही भागच धरते. महिन्याला लाख मिळवणारा पोरगा बँकेच्या कागदावर बऱ्याचदा त्याहून खूप लहान दिसतो.

बाळीवेस

बघा, म्हणालतो की मी. शोरूम.

टेबल_नंबर_सात

शोरूममध्ये तरी कुठे सगळं फिक्स असतं ओ, तिथेही फायनान्सच्या आणि इन्शुरन्सच्या इन्सेंटिव्हवरच पोरं जगतात. फरक इतका की गाडी घेतलेलं गिऱ्हाईक दहा दिवसांनी परत करत नाही.

जुळेसोलापूरकर, माझं मत: पोरगं बोलण्यात बरं असेल तर हे काम त्याला विक्रीबद्दल जे शिकवेल ते दुसरीकडे मिळायला कठीण आहे. मी आज जे काही करतो ते तिथेच शिकलो. पण असोसिएट म्हणून नाही. नोकर म्हणून घ्या म्हणावं, फिक्स थोडा कमी झाला तरी चालेल. शोरूमची नोकरी सोडण्याआधी एक शनिवार हॉलमध्ये नुसतं बसून बघू द्या म्हणावं. चांगल्या ठिकाणी बसू देतात. मागच्या भिंतीला उभं राहायचं आणि टेबलांकडे न बघता मॅनेजरकडे बघायचं. विक्री नसलेल्या पोराशी तो कसा बोलतो त्यावरून ठरवायचं.

अनुराधा_प

आणि "मी स्वतः मेंबर आहे, मम्मी-पप्पांना मनालीला पाठवलं" हे वाक्य बोलायला लावतात का तेही बघ म्हणावं. आमच्या टेबलावरचा बोलला होता. वय असेल तेवीस.

टेबल_नंबर_सात

लावतात. मी कधी बोललो नाही. आकडा फळ्यावर कायम मधल्या रांगेत राहिला तो त्यामुळेच असेल.

रोहिणी_टेलि

सिमचं विसरू नका!

जुळेसोलापूरकर

अपडेट. भाच्याने एचआरला ईमेल केला. उत्तर आलं, तसं लवकर आलं हे मान्य करायला हवं.

स्लॅब फक्त पुढच्या विक्रीवर, पहिल्यापासून नाही. क्लॉबॅक इन्सेंटिव्हमधूनच, फिक्सला हात नाही, पण महिन्याची कमाल मर्यादा सांगितली नाही. नोकर म्हणून घेणार तीन महिन्यांनी, "परफॉर्मन्स बघून". सिम कंपनी देणार. परतावा वगैरे काही नाही, साधी सुट्टीची मेंबरशिप आहे, ब्रोशर मी स्वतः वाचलं. येत्या शनिवारी हॉलमध्ये बसू देणार आहेत. शोरूमला त्याने आठवड्याची सुट्टी टाकली आहे, राजीनामा नाही. अक्काला एवढं कळलंय की पोरगं अजून शोरूमलाच आहे, त्यामुळे फोन थांबलेत.

टेबल_नंबर_सात

बरं केलंत. एक राहिलं. सोडून गेला तर त्याने विकलेल्या मेंबरशिपांचे पुढचे हप्ते वसूल होत राहणार. त्यावरचं त्याचं इन्सेंटिव्ह मिळणार की सोडल्या तारखेला बंद? आणि उलट, सोडून गेल्यावर रद्द झालेल्यांचं फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून कापणार का? माझं पहिलं बंद झालं होतं आणि दुसरं कापलं होतं.

लेखापाल

हो, हे विचाराच. नोकरी सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांत हिशोब देण्याचा नवा नियम आहे, पण तो "वेतना"चा. कमिशन, वर सांगितलेल्या निम्म्याच्या मर्यादेपर्यंत, त्याच्या व्याख्येबाहेर आहे, तेव्हा तिथे करारात जे लिहिलं तेच.

जुळेसोलापूरकर

नाही विचारलं ते. उद्या सकाळी त्याच ईमेलला उत्तर म्हणून टाकायला सांगतो. शनिवारचं काय होतं ते इथे लिहीन.